पणदऱ्याच्या घरात विलायती बैठक

गेल्या उन्हाळ्यात आमची पुतणी इंग्लंडाहून आली ती एक जाडजूड सचित्र पुस्तक काखेत मारूनच. पणदऱ्याचे आमचे वडिलोपार्जित घर आता दुरुस्तीस काढावयाचे आणि ते त्या पुस्तकाबरहुकूम सजवावयाचे, असा तिचा संकल्प होता. खर्च ती करणार. तेव्हा सल्ला देण्याचा हक्क तेवढा आमच्या वाट्यास उरला, आणि तो आम्ही यथेच्छ बजावला.

हे घर कसे आहे ते प्रथम सांगितले पाहिजे. बारामती तालुक्याचा हा मुलूख मूळचा पर्जन्यछायेतला. नीरेच्या डाव्या कालव्याने मळ्यांत ऊस उभा केला. परंतु आमचे घर कोरड्या हवेसाठी बांधलेले, ते तसेच राहिले. दीड हात जाडीच्या भिंती, वर मातीचे धाबे, त्याखाली सागवानी कडीपाट, भिंतींत कोनाडे आणि माजघरात झोपाळा. तेथे आज आमच्या थोरल्या वहिनी एकट्या राहतात.

पुस्तकात दोन तऱ्हा होत्या. पहिली ‘इंग्लिश कंट्री’, म्हणजे तिकडील खेड्यांतल्या जुन्या घरंदाज वाड्यांची. फुलाफुलांच्या कापडाने मढविलेले ऐसपैस कोच, झिजलेला गालिचा, पुस्तकांचे ढीग, आणि एकमेकांशी न जुळणारे तीन पिढ्यांचे सामान. दुसरी ‘क्लासिक-कंटेम्पररी’. तीत जुन्या धाटणीचा प्रमाणबद्धपणा राखावयाचा, परंतु सामान मोजके, रंग सौम्य आणि दिवे, नळ, स्वयंपाकघर आजच्या सोयीचे.

पहिल्या तऱ्हेतील ते फुलांचे कापड पाहून आम्हांस हसू आले. त्यास इंग्रजीत ‘चिंट्झ’ म्हणतात, आणि तो शब्द म्हणजे आपली छीटच होय! सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीने हे हिंदी कापड तिकडे नेले. धुतले तरी न उतरणारे त्याचे रंग पाहून तिकडील स्त्रिया अशा भुलल्या की, विलायती विणकरांच्या पोटावर पाय आला. अखेर पार्लमेंटाने प्रथम १७०० साली बाहेरच्या छापील कापडावर बंदी घातली, आणि १७२१ च्या कायद्याने तर छापील सुती कापड अंगावर वा घरात वापरणेच गुन्हा ठरविले. ती बंदी १७७४ साली उठली. ‘कॉट’ ही आपली खाट, ‘टीपॉय’ ही आपली तिपाई आणि ‘बंगलो’ हा आपला बंगला. सासरी गेलेली मुलगी गाऊन घालून माहेरी परत यावी, तसा हा प्रकार आहे.

याहून मौज अशी की, या तऱ्हेला आजचे रूप देण्यात मोठा वाटा होता तो एका अमेरिकन बाईचा. व्हर्जिनियात जन्मलेल्या नॅन्सी लँकेस्टर यांनी १९४४ साली लंडनची एक गृहसजावटीची पेढी विकत घेतली व जॉन फाउलर यांच्यासह ती चालविली. नव्या कापडाचा भडकपणा उतरावा म्हणून ते चहाच्या पाण्यात बुडविण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती. कारण या बैठकीचा सारा डौल तिच्या वापरलेपणात आहे. आता असे वापरलेपण दुकानातून एका दिवसात विकत आणणे, हे पैसे मोजून वंशावळ लिहवून घेण्यासारखे नव्हे काय?

पुतणीला आम्ही हेच सांगितले. तिला कडीपाट पांढऱ्या प्लास्टरने झाकावयाचा होता, भिंतींना सिमेंटाचा गिलावा द्यावयाचा होता आणि दिवाणखान्यात एक शोभेची विलायती शेकोटीही हवी होती. वैशाखात अंगणातील फरशीवर पाय ठरत नाही, त्या पणदऱ्यात! तिच्याच इंग्लंडात विल्यम मॉरिस याने १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी मंडळी स्थापिली. डागडुजी करा, पण खोटे रूप देऊ नका, हे तिचे मुख्य म्हणणे. मातीच्या भिंतीवर सिमेंट थापले की आतली ओल आतच कोंडते आणि भिंत पोखरते. चुन्याचा गिलावा तिला श्वास घेऊ देतो. हे मात्र तिला पटले. शेकोटी बारगळली, कडीपाट वाचला.

विजयाचा आनंद आम्ही भोगतो न भोगतो तोच स्वयंपाकघराचा प्रश्न निघाला. तेथील चूल व जाते जसेच्या तसे ठेवावे, यावर काका-पुतणीचे पूर्ण एकमत होते. वहिनी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “भावोजी, या चुलीपुढं मी चाळीस वर्षं धूर खाल्ला. तुम्हां दोघांना ती फार आवडत असेल तर पुण्याला न्या. मला उभ्यानं करायचा ओटा हवा, आणि खुर्चीसारखा संडास हवा. माझे गुडघे आता वाकत नाहीत.”

आम्ही दोघेही खाली पाहू लागलो. त्या घरात बारा महिने कोण राहते, याचा विचार पुस्तकात नव्हता, तसा आमच्या व्याख्यानातही नव्हता. चूल निघाली. तिच्या जागी ग्रॅनाइटचा ओटा आला, न्हाणीघरात धरावयास दांडी बसली, आणि माजघराचा उंच उंबरा सुताराने उतरता केला.

पुतणीची एक हौस तेवढी राहिली. झोपाळ्यावर तिने गुलाबाच्या फुलांची छिटीची गादी घातली. दिवाळीत आम्ही गेलो तेव्हा वहिनी तीवर चटई अंथरून बसल्या होत्या. म्हणाल्या, “मळते हो. पोरगी यायची झाली की काढते चटई.”