रक्ताचा टंच
पहाटे सहा. डोळे उघडायच्या आधी मी ओठांवरून जीभ फिरवतो. कडेला मुंग्या नसल्या की रात्र निभावली. ऑपरेशनला आज अकरा दिवस. गळ्यातल्या तांदळाएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथींपैकी एक फुगून बोराएवढी झाली होती. ती हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात ओतायची. दोनदा मुतखडा झाला तो त्यातूनच. ती काढल्यावर उपाशी हाडं आता सगळं वसूल करताहेत.

थायरॉइडची गोळी आत्ताच, उपाशीपोटी. कॅल्शियम चार तासांनी. दोन्ही एकत्र गेल्या तर थायरॉइडची पुरती लागू पडत नाही.

साडेसात. रक्त देऊन आलो.

नऊ. हावडा पूल चालत ओलांडतो. पलीकडे मल्लिक घाटाच्या फुलबाजारातल्या झेंडूचा वास, मग बडाबाजार. दुष्काळाला कंटाळून आमच्या खानापूर-आटपाडीची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात देशभर पांगली, त्यातलेच आम्ही. कारखाना म्हणायचा, खोली दहा बाय दहाची.

दहा. पोह्यांबरोबर कॅल्शियम कार्बोनेटची गोळी. तिला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून अन्नासोबतच. चव खडूची. शाळेत खडू खाल्ला म्हणून गुरुजींनी बडवलं होतं, आता तीच चव औषध म्हणून विकत घेतो. शेजारी कॅल्सिट्रिऑलची टिचभर कॅप्सूल. तिच्याविना आतडं कॅल्शियम नीट घेत नाही.

दुपारी दोन. जेवण लांबलं, गोळीही लांबली. मूस भट्टीत लालभडक, तेजाबाचा तांबूस धूर पंख्याकडे चाललेला. माझ्या हातात चिमटा. आधी करंगळीत झिणझिण्या, मग अंगठा आपोआप तळव्याकडे वळायला लागला. तेजाबानं बोटं कायम बधिर, म्हणून सुरुवातीला मी या मुंग्यांना दाद द्यायचो नाही. आता ओळखतो: तेजाबाची बधिरता एकाच जागी बसते, ही चालत ओठांपर्यंत येते.

“तात्या, चिमटा ठेवा,” पुतण्या म्हणाला.

ठेवला. डॉक्टरांनी सांगून ठेवलेली जादा गोळी चावली, डाळभात खाल्ला, भिंतीला टेकून बसलो. हात आखडून राहिले, श्वास अडला किंवा झटका आला, तर गोळ्यांचा खेळ संपला. थेट इस्पितळ, शिरेतून कॅल्शियम. पाऊण तासात बोटं सुटली. मूस त्यानंच ओतली.

संध्याकाळी सहा. फोनवर रिपोर्ट: कॅल्शियमचा आकडा 8.1. साडेआठच्या वर हवा होता. जन्मभर लोकांच्या सोन्याचा टंच काढला, आता रोज स्वतःच्या रक्ताचा पाहतो. डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी वाढवली, आणि मॅग्नेशियम तपासायला सांगितलं. ते कमी असलं तर कितीही कॅल्शियम गिळा, आकडा हलत नाही.

साडेआठ. मौरला मासे, काट्यासकट. हिला ही रीत शेजारच्या बौदीनं शिकवली. काट्यातच कॅल्शियम, म्हणून ही माझ्या ताटावर पहारा देते.

साडेदहा. उशाशी तांब्या, गोळी, फोन. अंधारात ही विचारते, “अहो, ओठ?”

“गप्प आहेत.”