हिमाखालचा पाचोळा आणि शिसे

अरण्यात गळलेले पान कुजते व त्याची माती होते, हे आपण सारेच जाणतो. परंतु त्या पानाबरोबर भूमीवर आलेल्या धातूंचे पुढे काय होते? धातू कुजत नाही. तो केवळ जागा बदलतो.

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याच्या व्हाइट पर्वतराजीत हबर्ड ब्रुक नावाचे प्रायोगिक अरण्य १९५५ पासून राखलेले आहे. मेपल, बीच आणि भूर्ज या वृक्षांची ही राने हिवाळ्यात कित्येक महिने हिमाने झाकलेली असतात. १९२३ मध्ये शिसेयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि मोटारींच्या धुरातले शिसे वाऱ्यावर स्वार होऊन, पावसाच्या व हिमाच्या वाटेने, अशा दूरच्या डोंगरांवरही उतरले.

पाचोळ्याचे आणि शिशाचे सख्य मोठे चमत्कारिक. कुजताना पानाचा बराचसा अंश कर्बवायू होऊन हवेत जातो. शिसे मात्र उरलेल्या काळ्या गाळास घट्ट बिलगते. म्हणजे पान जसजसे झिजते, तसतसे शेषभागातील शिशाचे प्रमाण वाढतच जाते!

आता हिमाचा संबंध पाहा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि पानाच्या पेशी फाटतात. पण हिमाचा जाड थर हा रजईसारखाच. त्याखाली भूमी फारशी गोठत नाही, बुरशी व जंतू संथपणे आपले काम करीत राहतात. थर पातळ झाला की माती उलट अधिक गारठते. ऐकणाऱ्यास हे विपरीत वाटेल. पण हबर्ड ब्रुक येथे फावड्याने हिम उपसून ते पडताळून पाहिलेले आहे. पुढे वसंतात महिनोन्महिने साचलेले पाणी थोड्या दिवसांत पाचोळ्यातून झिरपते, आणि त्यात विरघळलेली तपकिरी सेंद्रिय द्रव्ये धातूंना आपल्यासवे खाली नेतात.

हे शिसे शतकानुशतके पाचोळ्यातच राहील, असा प्रथम अंदाज होता. पेट्रोलमधील शिसे १९७० नंतरच्या दशकात घटू लागले, १९९६ मध्ये रस्त्यावरील वाहनांपुरते ते बंदच झाले. आणि पाचोळ्यातला साठा काही दशकांतच ओसरू लागल्याचे मोजणीत आढळले. मग ते ओढ्यात गेले काय? ओढ्यांच्या पाण्यात ते फारच थोडे सापडले. पाचोळ्याखालच्या मातीतील लोह व ॲल्युमिनियम यांच्या संयुगांनी ते वाटेतच अडवले होते. ते आजही तेथे आहे. जेथे ती माती धुपेल, तेथे ते मातीसकट ओढ्यात उतरेल.