चाकावर घडवलेली उत्क्रांती

उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांचं काम, असं आपण शाळेपासून ऐकतो. थिओडोर गारलँड या अमेरिकी जीवशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये ती प्रयोगशाळेतच सुरू केली! उंदराच्या पिंजऱ्याला फिरतं चाक जोडायचं, सहा दिवस मनसोक्त पळू द्यायचं, शेवटच्या दोन दिवसांच्या फेऱ्या मोजायच्या आणि सर्वांत जास्त पळणाऱ्यांचीच पुढची पिढी वाढवायची. तुलनेसाठी निवड न केलेले चार वंश वेगळे ठेवले.

साधारण १६ पिढ्यांत निवडलेले उंदीर जवळपास तिप्पट अंतर पळू लागले, तेही जास्त वेळ पळून नव्हे, मुख्यतः वेग वाढवून.

निवड फक्त वागण्याची होती, तरी शरीरं बदलली. बांधा लहान, चरबी कमी, दम जास्त. मी थक्क झालो ते पोटरीच्या स्नायूंबद्दल वाचून. काही उंदरांत त्यांचं वजन चक्क निम्म्यावर आलं, आणि कारण एकाच जनुकातला बदल! भरपूर पळायला भरदार स्नायूच लागतात, ही समजूत इथे टिकत नाही. पुढे या उंदरांचा मध्यमेंदूही मोठा झाल्याचं दिसलं. पळण्याची ओढसुद्धा आनुवंशिक असू शकते, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

उत्क्रांतीची आवड असेल तर गारलँड यांचे शोधनिबंध जरूर वाचा.