भूमिगत वाहिनी-शोधन
जमिनीत पुरलेले नळ व केबली यांचे स्थान खणण्यापूर्वी हातात धरावयाच्या ग्राहीने निश्चित करण्याची पद्धती. धातूच्या वाहिनीतून प्रत्यावर्ती (ठराविक काळाने दिशा बदलणारा) विद्युत् प्रवाह वाहत असता तिच्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होऊन ग्राहीच्या वेटोळ्यात विद्युत् दाब प्रवर्तित होतो. प्रवाह वाहणाऱ्या वीज-केबलीचा ५० हर्ट्‌झ कंप्रतेचा संकेत सरळ मिळू शकतो. इतर धातुवाहिन्यांत तो प्रेषकाने सोडावा लागतो. वेटोळ्याचा अक्ष आडवा व वाहिनीशी काटकोनात धरल्यास वाहिनीच्या माथ्यावर संकेत महत्तम, तर अक्ष उभा धरल्यास किमान असतो. अक्ष ४५° तिरपा करून बाजूला सरकत गेल्यास जेथे संकेत किमान होतो, तेथपर्यंतचे अंतर वाहिनीच्या खोलीइतके असते.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातल्या तानसा धरणाचे (१८९२) पाणी मुंबईस नेणाऱ्या पोलादी नळांसारख्या वाहिन्या या पद्धतीने सापडू शकतात. परंतु शहापूर-मुरबाडकडील गावांच्या नळयोजनांत वापरले जाणारे प्लॅस्टिकचे नळ व धातुविरहित प्रकाशीय तंतूंच्या केबली विद्युत् निरोधक असल्याने तेथे ग्राही मूक राहते. बेसाल्टी खडकावर मातीचा थर पातळ असेल, तर चर उथळ राहून कुदळीचा धोका वाढतो. म्हणून संकेत न मिळणे हा वाहिनी नसल्याचा पुरावा नव्हे. अशा नळांसोबत धातूची तार पुरणे, नकाशे पाहणे आणि हाताने चाचणी-खड्डा घेणे हे उपाय करता येतात.