दानाचा हिशेब : डेन्व्हरमधील दोन ज्यू आरोग्यधामांची कथा

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयरोगाचा जंतू शोधून काढला. परंतु त्यावर गुणकारी औषध हाती येण्यास पुढे सुमारे साठ वर्षे जावी लागली. मधल्या काळात कोरडी हवा, भरपूर ऊन, विश्रांती आणि सकस आहार हीच चिकित्सा होती. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याचे डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर वसलेले असल्याने देशभरातील क्षयरुग्ण आगगाडीने तेथे येऊ लागले. अनेकांपाशी केवळ येण्यापुरतेच भाडे असे. खोकणाऱ्या माणसाला खोली द्यायला कोणी तयार नसे, आणि हे निराधार रुग्ण रस्त्यावर कोसळत.

व्यापारी कुटुंबातील फ्रान्सिस जेकब्स या ज्यू महिलेने अशा रुग्णांसाठी मोफत रुग्णालय उभारण्याचा ध्यास घेतला. समाजाकडून वर्गणी जमली आणि १८९२ मध्ये पायाभरणी झाली. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी इमारत पूर्ण झाली, पण नेमके तेव्हाच संकट कोसळले. जून १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने आपल्या टांकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडणीसाठी बंद केल्या आणि जगात चांदीचे भाव गडगडले. कोलोरॅडोची समृद्धी चांदीच्या खाणींवर उभी होती. खाणी थांबल्या, डेन्व्हरमधील बँकांनी दारे बंद केली, देणगीदारांचे हात आखडले. रुग्ण रस्त्यावर आणि रुग्णालयाला कुलूप, अशी स्थिती सहा वर्षे राहिली.

बांधकामासाठी पैसा जमला होता. चालू खर्चाची कायमची तरतूद मात्र नव्हती. इमारतीवरील पाटी एकदाच बसवावी लागते, दूध-भाकरीचा खर्च रोज नव्याने उभा राहतो. अखेर ‘ब्नाय ब्रिथ’ या देशव्यापी ज्यू संघटनेने चालू खर्चाचा भार स्वीकारला आणि १० डिसेंबर १८९९ रोजी ६० रुग्णांची सोय असलेले ‘नॅशनल ज्यूइश हॉस्पिटल’ सुरू झाले. ज्याला पैसे देणे शक्य आहे त्याला येथे प्रवेश नाही, आणि ज्याला प्रवेश मिळाला त्याच्याकडून पैसे घेतले जाणार नाहीत, हे त्याचे ब्रीद होते. खर्च ज्यू समाजाचा असला तरी दार सर्वांना खुले होते. पहिली रुग्ण मिनेसोटाहून आलेली एक स्वीडिश स्त्री होती.

तथापि खाटा मोजक्या होत्या. म्हणून प्रारंभिक अवस्थेतील रुग्णांनाच प्रवेश आणि तोही साधारणतः सहा महिन्यांपुरता, असा नियम झाला. एकाच खाटेवर अधिक माणसे बरी व्हावीत, हा त्यामागील विचार व्यवहाराला धरून होता. पण ज्याचा रोग बळावला आहे त्याने जायचे कोठे? शिवाय सुरुवातीची अनेक वर्षे तेथील स्वयंपाक ज्यू धर्मनियमांनुसार, म्हणजे ‘कोशर’ नसे. दूध आणि मांस यांची भांडीही वेगळी ठेवणाऱ्या पूर्व युरोपातील धर्मनिष्ठ स्थलांतरितांपुढे प्राण राखावेत की आचार, असा पेच उभा राहिला.

यातूनच १९०४ मध्ये ‘ज्यूइश कन्झम्प्टिव्ह्ज रिलीफ सोसायटी’ जन्माला आली. तिचे संस्थापक धनिक नव्हते. त्यांत कामगार आणि कारागीर होते, कित्येकजण स्वतःच क्षयग्रस्त होते. रशियातून आलेले आणि पत्नीच्या प्रकृतीसाठी डेन्व्हरला स्थायिक झालेले डॉ. चार्ल्स स्पिवाक या कार्याचे सूत्रधार बनले. यिद्दिश कवी येहोआश यांनी गावोगाव फिरून निधी जमवला. शहराबाहेर तंबू ठोकून आरंभ झाला. रोगाच्या कोणत्याही अवस्थेतील रुग्णास प्रवेश होता आणि स्वयंपाकघर कोशर होते. निधी मुख्यतः देशभरातील सामान्य ज्यू कुटुंबांच्या लहान लहान नाण्यांतून उभा राहिला. कालांतराने तेथे पक्क्या इमारती, प्रार्थनागृह, दुग्धशाळा आणि टपाल कार्यालयही आले.

पहिल्या संस्थेला या नव्या संस्थेची गरज पटत नव्हती, आणि दोहोंत दीर्घकाळ वादही झाले. पण एकीने उपलब्ध साधनांचा हिशेब पाहिला, तर दुसरीने नाकारल्या गेलेल्यांचा. डेन्व्हरला दोघींची आवश्यकता होती.

डॉ. स्पिवाक १९२७ मध्ये निवर्तले. आपल्या देहाचे विच्छेदन ज्यू आणि बिगरज्यू विद्यार्थ्यांनी समसमान संख्येने करावे व अस्थिपंजर जेरुसलेमच्या विद्यापीठाला द्यावा, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. पुढे औषधे आली, क्षय आटोक्यात आला, आणि १९५४ मध्ये त्यांची संस्था कर्करोग संशोधनाकडे वळली. पहिले रुग्णालय आज ‘नॅशनल ज्यूइश हेल्थ’ या नावाने श्वसनविकारांवरील उपचारांसाठी ख्यातनाम आहे.

धर्मादाय कार्यास हात घालणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने या कथेतून दोन गोष्टी मनाशी धराव्यात. वास्तू उभारण्यापूर्वी ती चालवण्याची तरतूद करावी. आणि नियम करताना, त्या नियमामुळे दारातून परत जाणारा माणूस कोण असेल, याचाही विचार करावा.