खुराड्यातली उतरंड

गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. कल्याण स्टेशनाबाहेर एकजण पुठ्ठ्याच्या खोक्यात रंगवलेली पिल्लं विकत होता. गुलाबी, हिरवी, पिवळी. नातीने हट्ट धरला, मी चार घेतली. टिटवाळा लोकलमधून ती पिशवीत चिवचिवत आली आणि मांड्याच्या घरी पोचल्यावर मी ती सरळ अंगणातल्या कोंबड्यांत सोडली. म्हटलं, बायाच आहेत सगळ्या, घेतील सांभाळून. पाच मिनिटांत भुरीने हिरव्या पिल्लाचं डोकं फोडलं. मी धावले तोवर काळीही टोचायला आली होती. ते पिल्लू रात्री गेलं.

भुरीला मी शिव्या घातल्या, पण चूक तिची नव्हती. माझ्या पाच कोंबड्यांपुढे कण्यांची परात ठेवा आणि नुसतं बघत बसा. पहिली चोच भुरीची. मग काळी, मग तुरेवाली, मग उघड्या मानेची, आणि सगळ्यांचं झाल्यावर लंगडी. भुरी कुणालाही टोचते, भुरीला कुणी टोचत नाही. लंगडीला सगळ्या टोचतात. नॉर्वेच्या थोरलाइफ शेल्डेरुप-एब्बे नावाच्या माणसाने लहानपणापासून कोंबड्या न्याहाळून हेच टिपलं आणि १९२२ मध्ये जर्मन भाषेत छापलं. टोचण्याच्या या क्रमाला त्याने दिलेलं नाव पुढे माणसांच्या कचेऱ्यांनाही चिकटलं. क्रम नेहमी सरळ नसतो, हेही त्याने पाहिलं होतं. कधी पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी उलट पहिलीलाच.

ही उतरंड एकदा लागली की भांडणं कमी होतात. भुरीने मान उंचावली की काळी बाजूला सरते, तेवढ्यावर भागतं. बिनसतं ते नवीन पाखरू आलं की. त्याची पायरी ठरलेली नसते, म्हणून सगळ्यांनाच आपापली पायरी पुन्हा सिद्ध करावी लागते. कोंबड्या एकमेकींना ओळखतात त्या बहुतेक तोंडावरून, तुऱ्यावरून. तुरेवालीला देवी आल्या म्हणून मी तिला तीन आठवडे पडवीत वेगळं ठेवलं होतं. परत सोडली तेव्हा तिलाही परक्यासारखा मार बसला.

म्हणून आता नवीन पाखरं आणली की आधी आठ-दहा दिवस मध्ये जाळी ठेवते. दिसू दे, पण चोच पोचू नये. एकटं पाखरू कधी सोडत नाही, दोन-तीन एकदम, तेही रात्री, सगळ्या दांडीवर बसल्यावर. सकाळी पराती दोन, लांब लांब. रक्त दिसलं तर त्या पाखराला आधी उचलायचं, कारण लाल दिसलं की बाकीच्या तिथेच टोचत राहतात.

उरलेल्या तीन पिल्लांना वाचवलं लंगडीने. ती तेव्हा खुडूक होती. पिसं फुगवून, अंगाला हात लावला की गुरगुरत, डालग्यात तीन आठवडे ठाण मांडून बसलेली. कोंबडीचं अंडं एकवीस दिवसांत फुटतं, पण आमच्याकडे कोंबडा नव्हता. अंडी सगळी रिकामी. सासूबाई म्हणाल्या, “आज रात्री अंडी काढ नि पिल्लं घाल. दिवा लावू नको.” अंधारात मी एकेक पिल्लू तिच्या पोटाखाली सरकवलं. ती एकदाच घुरघुरली. सकाळी तिच्या पंखातून दोन गुलाबी आणि एक पिवळं डोकं बाहेर आलं.

पिल्लं जेमतेम दोन-तीन दिवसांची होती म्हणून हे जमलं. मोठी झालेली पिल्लं कोंबडी सहसा घेत नाही. खुडूक कोंबडी नसेल तर टोपली आणि साठचा बल्ब. पहिल्या आठवड्यात पिल्लांना साधारण ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायची. थर्मामीटर नसला तरी अडत नाही. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, कडेला पळून चोची उघडून बसली तर उकडतंय. पाण्याच्या ताटलीत खडे टाकायचे, म्हणजे बुडत नाहीत. पहिल्या आठवड्यात मानमोडीची लस, डोळ्यात एक थेंब. एक कुपी शंभर पाखरांची आणि कालवल्यावर तासा-दोन तासांतच वापरायची, म्हणून आमच्या आळीतले सगळे एकाच दिवशी पिल्लं घेऊन येतात. पाखरं पटापट मरायला लागली तर मात्र घरचे उपाय नकोत, सरळ गुरांचा दवाखाना गाठायचा. २०२२ च्या फेब्रुवारीत शेजारच्या शहापूर तालुक्यात बर्ड फ्लूने हजारो कोंबड्या मारून टाकाव्या लागल्या होत्या.

पण मला बघायला मिळालं ते वेगळंच. लंगडी पिल्लं घेऊन अंगणात उतरली. कण्यांवर चोच मारून दाणा उचलायचा, खाली टाकायचा, कुक् कुक् करून पिल्लांना बोलवायचं. भुरी सवयीने परातीकडे आली. लंगडी पंख पसरून अशी अंगावर गेली की भुरी कुंपणापर्यंत मागे हटली. वर्षभर सगळ्यांचा मार खाल्लेली लंगडी त्या दिवसापासून परातीवर पहिली. पिल्लं तिच्या पायांत, आणि त्यांना चोच लावायची कुणाची टाप नाही. आकाशात घार दिसली की तिचा एक आवाज, आणि तिघं पंखाखाली.

सातव्या आठवड्यात एका सकाळी तिने स्वतःच गुलाबी पिल्लाला टोचलं. त्याचा गुलाबी रंग तोवर उडून पांढरी पिसं आली होती. चार-पाच दिवसांत तिने तिघांनाही हाकललं, आणि मग परातीवर पुन्हा शेवटची झाली, जणू मधले दोन महिने झालेच नव्हते.

तिन्ही पिल्लं नर निघाली. अंड्यांच्या हॅचरीला नरांचा उपयोग नसतो, म्हणून ती रंगवून स्वस्तात विकली जातात. एक ठेवला, दोघांचं काय झालं ते आमच्या घरात विचारायचं नाही. यंदा उन्हाळ्यात लंगडी पुन्हा खुडूक झाली. नऊ अंड्यांवर बसवली आणि सातव्या रात्री बॅटरीवर अंडी धरून पाहिली. सात अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या.

नात म्हणाली, “आता भुरीची खैर नाही.”