पोटरी भरदार, पाय दुबळे

कोल्हापूर हे तालमींचे शहर. राजर्षी शाहू छत्रपतींच्या पुढाकाराने १९१२ मध्ये उभे राहिलेले खासबाग मैदान हे त्याचे भूषण. अशा मुलखात मुलाच्या पोटऱ्या भरलेल्या दिसल्या की घरची माणसे सुखावतात. आणि म्हणूनच एका दुर्धर विकाराची खूण येथे नजरेआड होण्याचा संभव अधिक.

ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायूंच्या ऱ्हासाचा आनुवंशिक विकार बहुतांशी मुलग्यांनाच होतो. साधारणपणे साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकास तो असतो. स्नायूंच्या तंतूंना बळकटी देणारे डिस्ट्रोफिन हे प्रथिन अशा मुलांच्या शरीरात जवळजवळ तयारच होत नाही. तंतू झिजतात, त्यांच्या जागी चरबी साठते आणि पोटरी फुगते. तो मांसलपणा बळाचा नव्हे.

लक्षणे बहुधा तिसऱ्या ते पाचव्या वर्षी दिसू लागतात. मूल वारंवार पडते, चवड्यांवर चालते, जिन्याच्या कठड्याला धरून चढते. सर्वांत बोलकी खूण जमिनीवरून उठताना दिसते. मूल आधी ओणवे होते, मग हात गुडघ्यांवर व मांड्यांवर टेकत, जणू स्वतःच्याच अंगावर चढत उभे राहते. हे दृश्य अंगणवाडीत व वर्गात रोज दिसते. दवाखान्यात बाकावर बसलेल्या मुलात ते कसे दिसावे? दुर्दैवाने अशा मुलास आळशी ठरविले जाते, किंवा अंगात बळ यावे म्हणून तालमीत धाडले जाते. जोर-बैठकांसारख्या श्रमांनी दुबळे तंतू अधिकच दुखावतात.

अचानक आलेला लुळेपणा ही मात्र निराळी बाब होय. पंधरा वर्षांखालील मुलात तो आढळल्यास पोलिओ सर्वेक्षणासाठी आरोग्य केंद्रास तात्काळ कळविणे आवश्यक असते.

ड्यूशेन विकार पूर्णपणे बरा करणारा उपाय अद्याप नाही. उपचाराविना बाराव्या वर्षाच्या सुमारास चाकाची खुर्ची लागते; डॉक्टरांच्या देखरेखीखालील स्टिरॉइड औषधे व योग्य भौतिकोपचार यांमुळे चालण्याची शक्ती अधिक काळ टिकते. सदोष जनुक पुष्कळदा आईकडून येतो, पण सुमारे एक-तृतीयांश मुलांत तो बदल नव्यानेच घडलेला असतो. आईस दोष देणे सर्वथा गैर. मात्र निदान लांबले, तर दरम्यान त्याच घरात दुसरा मुलगाही हाच विकार घेऊन जन्मास येऊ शकतो.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा व अंगणवाड्यांना भेट देतात. संशय येताच शिक्षकांनी मूल पथकास दाखवावे. पुढील तपासणीसाठी पाठविण्याची सोय कार्यक्रमातच आहे. रक्ताच्या साध्या चाचणीने संशय बळावतो व जनुकीय चाचणीने निदान पक्के होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा स्पष्ट समावेश असल्याने अशा मुलास दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते. त्याचा वर्ग तळमजल्यावर भरविणे मुख्याध्यापकांच्या हाती आहे, आणि शाळेच्या पायऱ्यांलगत उतार बांधून घेणे ग्रामपंचायतीच्या.